निदानानंतर सात वर्षे जगली, म्हणून वाचली?

कर्जत-खालापुरात कर्करोग तपासणीचे शिबिर भरले की व्यासपीठावरून एक वाक्य हमखास ऐकू येते: ‘तपासणीत रोग सापडलेले रुग्ण जास्त वर्षे जगतात, म्हणजे तपासणीने जीव वाचतो.’ टाळ्याही पडतात. पण पहिल्या अर्ध्या वाक्यावरून दुसरे मुळीच सिद्ध होत नाही, हे किती वेळा सांगायचे?

समजा, कशेळ्याच्या एका बाईंना ५८व्या वर्षी त्रास सुरू झाला, तेव्हाच निदान झाले आणि ६०व्या वर्षी त्या गेल्या. निदानानंतरचे आयुष्य दोन वर्षे. तोच रोग शिबिरात ५३व्या वर्षी सापडला आणि उपचार लागू पडले नाहीत, तरी त्या ६०व्या वर्षीच जाणार. कागदावर मात्र सात वर्षे जगल्या! पदरात काय पडले? पाच वर्षांची जास्तीची धास्ती.

बरे, शिबिराला आलेल्या आणि न आलेल्या बायकांची तुलना करावी, तर तीही फसवी. दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेल्या कातकरी बाईला शिबिराची तारीखही कळत नाही. नेरळच्या बाजारपेठेतल्या बाईपेक्षा तिचे खाणेपिणे, कष्ट, दवाखाना सगळेच वेगळे.

म्हणून आधी चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडायचे आणि शेवटी मृत्यू मोजायचे. हे महाराष्ट्रातच झाले आहे. उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात १९९९पासून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचे, गावांच्या ५२ समूहांनुसार, चार गट केले गेले: गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी एचपीव्ही विषाणूची चाचणी, पेशी तपासणारी पॅप चाचणी, गर्भाशयमुखाला व्हिनेगर लावून पाहणी आणि नेहमीची आरोग्यसेवा. तपासणीला न आलेली बाईही आपल्याच गटात मोजली. २००९च्या ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मधला निकाल असा: एचपीव्ही गटात गर्भाशयमुखाचे १२७ कर्करोग सापडले, नेहमीच्या सेवेच्या गटात ११८. मृत्यू मात्र ३४ आणि ६४. दोन्ही गट तीस-पस्तीस हजारांचे. पॅप आणि व्हिनेगरच्या गटांत मृत्यूंत ठोस घट दिसली नाही. पुढे मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयाने दर दोन वर्षांनी व्हिनेगर तपासणी केली, तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. या अभ्यासांत तुलनेच्या गटाला तपासणीविना ठेवल्याबद्दल टीकाही झाली, आणि ती अनाठायी नव्हती.

‘जास्त कर्करोग सापडले, म्हणजे तपासणी उत्तम’? दक्षिण कोरियात २०११ साली थायरॉइड कर्करोगाची निदाने १९९३च्या पंधरापट झाली. मृत्यू होते तेवढेच राहिले.

‘पॉझिटिव्ह म्हणजे कर्करोग’? नाही, ते पुढच्या तपासणीचे बोलावणे.

‘स्तनांची हाताने तपासणी सर्व वयांत सारखीच उपयोगी’? मुंबईतल्याच अभ्यासात पन्नाशीपुढे मृत्यू सुमारे ३० टक्के घटले, त्याआधीच्या वयात ठोस फरक नाही.

गर्भाशयमुखाच्या तपासणीने जीव वाचतात, याला महाराष्ट्रातलाच पुरावा आहे. तिशी ओलांडलेल्या बायकांनी ती जरूर करून घ्यावी, आणि वक्त्यांनी भाषणात जगलेली वर्षे सांगण्याऐवजी हे ३४ आणि ६४ आकडे सांगावेत.