नवी बुलेट की बांधून घेतलेली जुनी?

रायपूरला तात्यापाऱ्यातल्या किंवा ब्राह्मणपाऱ्यातल्या एखाद्या जुन्या घराच्या पडवीत वडिलांची बुलेट उभी असते. टाकीचा रंग उडालेला, चाकांत हवा नाही, किक मारून वर्षे झालेली. घरातल्या मुलाला नोकरी लागते आणि विषय निघतो. शोरूमवाला छापील कोटेशन देतो. मिस्त्री गाडीभोवती एक फेरी मारून सांगतो, "साठ-सत्तर हजारांत नवी करून देतो." तुमच्याकडे वडिलांची गाडी नसेल, तर नागपूरचा एखादा नातेवाईक सांगतो की तिकडे एक जुनी बुलेट स्वस्तात मिळते आहे.

दोन्ही रस्ते मोहाचे आहेत. प्रश्न हौसेचा असला तरी पैसे बचतीतून जाणार आहेत. म्हणून निर्णयाआधी दोन्ही बाजूंचा पाच वर्षांचा हिशोब कागदावर मांडा.

गाडी तीच, पण तीच नव्हे

भारतात बुलेटची कहाणी १९५५ साली मद्रासला सुरू झाली. जुन्या ३५० बुलेटचे इंजिन ३४६ सीसीचे, ओतीव लोखंडाचे. बहुतेक जुन्या गाड्यांचा गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला आणि सुरू करायला फक्त किक. २०२३ साली आलेल्या नव्या बुलेटचे इंजिन ३४९ सीसीचे आहे. तिला बटनस्टार्ट, पेट्रोलसाठी इंजेक्शन, पुढे डिस्क ब्रेक आणि एबीएस आहे. जुनी गाडी कितीही छान बांधली तरी ड्रम ब्रेकवर ती नव्या गाडीसारखी थांबत नाही. रोज रिंग रोडने कामावर जाणाऱ्याने हा फरक आधी लक्षात घ्यावा.

दुसरा फरक पेट्रोलचा. आता पंपांवर साधारणपणे वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. जुन्या कार्बोरेटरमधले रबरी भाग आणि पेट्रोलच्या नळ्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. गाडी बांधताना हे भाग बदलून घ्या आणि त्यांचा खर्च अंदाजात लिहून घ्या.

शोरूमच्या कागदात काय पाहावे

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि ३५० सीसीच्या वरच्या गाड्यांवर ४० टक्के झाला. त्यामुळे ३४९ सीसीची बुलेट स्वस्त कराच्या बाजूला राहिली. तरीही एक्स-शोरूम किंमत ही तुमची किंमत नव्हे. नोंदणी, रस्ता कर आणि विमा मिळून होणारी ऑन-रोड किंमत विचारा. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो.

खरी काळजी घ्यायची ती कर्जाच्या दराची. समजा, तुम्ही ३ वर्षांसाठी १,६०,००० रुपये कर्ज घेता. एक जण म्हणतो, "व्याज ११ टक्के, घटत्या शिलकीवर." दुसरा म्हणतो, "आमच्याकडे फक्त ९ टक्के, फ्लॅट." ऐकायला ९ टक्के बरे वाटतात. आता हिशोब पाहा.

• घटत्या शिलकीवर ११ टक्के : हप्ता सुमारे ५,२४० रुपये, एकूण व्याज सुमारे २८,६०० रुपये.
• फ्लॅट ९ टक्के : हप्ता सुमारे ५,६४५ रुपये, एकूण व्याज ४३,२०० रुपये.

फ्लॅट दरात तुम्ही मुद्दल फेडत जाता, पण व्याज मात्र शेवटपर्यंत पहिल्या दिवसाच्या पूर्ण रकमेवर लागते. त्यामुळे हा ९ टक्के दर प्रत्यक्षात सोळा टक्क्यांच्या आसपास पडतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून अशा कर्जासोबत ग्राहकाला 'की फॅक्ट स्टेटमेंट' द्यावे लागते. त्यात सगळे शुल्क धरून वार्षिक दर लिहिलेला असतो. तोंडी सांगितलेल्या दराऐवजी त्या कागदावरच्या दरांची तुलना करा. मुदतीआधी कर्ज फेडल्यास किती शुल्क लागेल, तेही तिथेच पाहा.

मिस्त्रीच्या आकड्यात काय पाहावे

इंजिन उघडण्याआधी सांगितलेला आकडा हा अंदाज असतो. सिलिंडरला बोअर करून नवा पिस्टन बसवला की भागेल, की क्रँक आणि कनेक्टिंग रॉडपर्यंत जावे लागेल, हे उघडल्यावरच कळते. हाफ इंजिन आणि फुल इंजिन यांच्या खर्चात मोठा फरक असतो. त्यात वायरिंग, टायर, क्लच, ब्रेक, सायलेन्सर, निकेल आणि रंग यांची भर पडते. म्हणून ठरलेल्या आकड्यावर निदान चौथा हिस्सा राखीव धरा. ७०,००० चे काम असेल तर साडेसतरा हजार बाजूला हवेत.

व्यवहार असा करा : आधी इंजिन उघडण्याची मजुरी देऊन तपासणी करून घ्या. मग भागांची यादी, मजुरी आणि मुदत कागदावर घ्या. पैसे तीन टप्प्यांत द्या आणि शेवटचा टप्पा गाडी चालवून पाहिल्यावरच द्या. काढलेले जुने भाग परत मागा, नव्या भागांची पक्की बिले जपून ठेवा.

जुनी गाडी बांधायला बँकेकडून सहसा वाहनकर्ज मिळत नाही. मग लोक व्यक्तिगत कर्ज घेतात किंवा सोने गहाण ठेवतात. तिथेच सौदा बिघडतो. तो कसा, हे पुढच्या हिशोबात दिसेल.

कागद आधी, पाना नंतर

गाडीला पाना लावण्यापूर्वी कागद पाहा. कागद जुळले नाहीत तर बांधलेली गाडी रस्त्यावर आणता येत नाही, आणि पैसे लोखंडात अडकून पडतात.

१. नोंदणी : खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षे चालते. पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. त्यासाठी फॉर्म २५ भरून गाडी तपासणीला न्यावी लागते. १ एप्रिल २०२२ पासून दुचाकीच्या नूतनीकरणाचे शुल्क १,००० रुपये झाले आणि उशिराच्या प्रत्येक महिन्याला ३०० रुपये जादा आकारण्याची तरतूद आली. वीस वर्षांवरच्या गाड्यांचे शुल्क त्यानंतर आणखी वाढले आहे. छत्तीसगड १ नोव्हेंबर २००० ला वेगळे झाले. गाडीवर त्याआधीचा 'एमपी' नंबर असेल आणि नूतनीकरण कित्येक वर्षे राहिले असेल, तर एकूण किती भरावे लागेल हे आधी आरटीओत विचारून घ्या.

२. वडिलांच्या नावावरची गाडी : मालक हयात नसतील तर वारसाने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ ने गाडी आपल्या नावावर करायची असते. उशीर झाला असेल तरी गाडी बांधण्याआधी हे काम उरकून घ्या.

३. नागपूरहून आणलेली गाडी : तिथल्या आरटीओचा ना-हरकत दाखला फॉर्म २८ ने घ्यावा लागतो. नाव बदलण्यासाठी विकणाऱ्याच्या सहीचे फॉर्म २९ आणि ३० लागतात, आणि परराज्यातल्या गाडीची कागदपत्रे ४५ दिवसांत द्यायची असतात. बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ गाडी छत्तीसगडमध्ये ठेवली तर इथला नंबर घ्यावा लागतो आणि इथला करही भरावा लागतो. स्वस्तात मिळालेली गाडी इथेच महाग पडते. नोंदीवर जुन्या कर्जाचा बोजा असेल, तर बँकेचा दाखला आणि फॉर्म ३५ मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका.

४. नंबर : इंजिन आणि चेसिसवर ठोकलेले नंबर नोंदणी पुस्तकाशी स्वतः जुळवून पाहा. खोडल्यासारखे किंवा पुन्हा ठोकल्यासारखे वाटले तर सौदा सोडा.

५. बदल : रंग, निकेल, दुरुस्ती चालते. कंपनीने नोंदवलेल्या रचनेत परवानगीशिवाय बदल करता येत नाही. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

६. विकणाऱ्याने लक्षात ठेवावे : जुनी गाडी विकली, पण नाव बदलले नाही, आणि पुढे अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी नोंदीवरच्या मालकावर येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सांगितले आहे. "नंतर करू नाव" हे शब्द घर धोक्यात घालू शकतात.

पाच वर्षांचा हिशोब

खालचे आकडे उदाहरणासाठी धरलेले आहेत. तुम्ही तुमचे कोटेशन आणि तुमच्या मिस्त्रीचा अंदाज त्या जागी घाला. अडकलेल्या रकमेवरचे बुडालेले व्याज दोन्हीकडे सोयीसाठी सोडले आहे. पेट्रोलही धरलेले नाही.

नवी बुलेट : ऑन-रोड किंमत २,१०,०००. कर्जाचे व्याज २८,६००. सर्व्हिसिंग वर्षाला ४,००० प्रमाणे २०,०००. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा पुढच्या चार वर्षांसाठी ८,०००. एकूण २,६६,६००. पाच वर्षांनी विकून १,००,००० आले असे धरू. निव्वळ खर्च १,६६,६००, म्हणजे महिन्याला सुमारे २,७८० रुपये.

बांधलेली जुनी बुलेट : गाडी ६०,०००. बांधणी ७०,०००. कागदपत्रे १०,०००. थर्ड पार्टी विमा पाच वर्षांचा ८,०००. देखभाल वर्षाला १५,००० प्रमाणे ७५,०००. एकूण २,२३,०००. विकून ९०,००० आले असे धरू. निव्वळ खर्च १,३३,०००, म्हणजे महिन्याला सुमारे २,२२० रुपये.

म्हणजे जुनी गाडी पाच वर्षांत ३३,६०० रुपयांनी स्वस्त. आता यात दोन बदल करून पाहा.

बांधणीचा खर्च ७०,००० ऐवजी ९८,००० झाला, तर फरक ५,६०० वर येतो. आणि सुरुवातीचे १,४०,००० रुपये तुम्ही १६ टक्क्यांच्या व्यक्तिगत कर्जातून तीन वर्षांसाठी उभे केले, तर व्याजच सुमारे ३७,२०० होते. मग बांधणी ठरलेल्या खर्चात झाली तरी जुनी गाडी नव्यापेक्षा महाग पडते.

यावरून एक गोष्ट कळते. नव्या गाडीचा खर्च मोठा असतो, पण पहिल्या दिवशी माहीत असतो. जुन्या गाडीचा खर्च लहान दिसतो, पण किती आणि केव्हा ते माहीत नसते. म्हणून नवी गाडी मोजक्या कर्जावर घेता येते. जुनी गाडी मात्र साठवलेल्या पैशांतूनच बांधावी.

विम्याचाही विचार करा. नवी गाडी चोरीला गेली तर विम्याची रक्कम ठरलेल्या घसाऱ्याने मिळते. चार ते पाच वर्षांच्या गाडीला हा घसारा ५० टक्के धरतात. पाच वर्षांवरच्या गाडीची किंमत विमा कंपनी आणि मालक आपसांत ठरवतात. बांधणीची सगळी बिले असली तरी तेवढी किंमत मान्य होईलच असे नाही. फक्त थर्ड पार्टी विमा असेल, तर चोरीनंतर काहीच मिळत नाही.

घरची गाडी फुकट नसते

"गाडी तर वडिलांचीच आहे, साठ हजार वाचले," असे वाटते. पण ती आहे त्या स्थितीत कोणी चाळीस हजारांना घेणार असेल, तर ते चाळीस हजार तुम्ही गाडीत घालत आहात. हिशोबात तेवढे लिहा. मग त्याखाली एक वेगळी ओळ लिहा : 'हौस आणि आठवण'. त्या ओळीसमोर तुम्हाला परवडेल तो आकडा घाला. वडिलांच्या गाडीवर पैसे खर्च करण्यात गैर काही नाही. गैर आहे ते स्वस्तपणाच्या नावाखाली खर्च करून नंतर मुलांच्या फीला हात लावणे.

मग काय करावे?

• रोज कामावर जाण्यासाठी ही एकच गाडी असेल, तर नवी घ्या. जुनी गाडी मिस्त्रीकडे आठवडाभर राहिली तर रिक्षाभाडे वेगळे जाते.
• घरात दुसरी चालती गाडी असेल आणि पैसे साठवलेले असतील, तर जुनी बांधायला हरकत नाही.
• दोन्ही वेळी घरखर्चाचे निदान तीन महिन्यांचे पैसे खात्यात अबाधित ठेवा. गाडीसाठी मुदत ठेव मोडू नका, सोने गहाण ठेवू नका.
• घाई नसेल तर आधी आवर्ती ठेव सुरू करा. महिन्याला ४,००० रुपये, साडेसहा टक्के दराने, दोन वर्षांत सुमारे १,०२,७०० होतात. दोन वर्षे चार हजार न चुकता भरता आले, तर हप्ता झेपण्याचा अंदाज येतो. नाही भरता आले, तर तेही कर्ज घेण्याआधीच कळते.

या दोन वर्षांत वडिलांच्या गाडीचे कागद मात्र पूर्ण करून घ्या. त्याला थोडे पैसे लागतात, पण पुढे गाडी बांधा की विका, कागद जुळलेले असले की तिची किंमत टिकते.