मत एक, पदे अनेक

श्रोतेहो, निवडणूक जवळ आली की पारावर एकच प्रश्न रंगतो : मुख्यमंत्री कोण होणार? प्रश्न रास्त आहे. पण मतदानाच्या यंत्रावर मुख्यमंत्रिपदाचे बटण असते काय? नसते. तेथे नावे असतात ती आपल्या मतदारसंघातील आमदारकीच्या उमेदवारांची. मग बाकीची पदे येतात कोठून?

आपल्या धाराशिव जिल्ह्यात विधानसभेचे चार मतदारसंघ आहेत : उमरगा, तुळजापूर, उस्मानाबाद आणि परांडा. साऱ्या महाराष्ट्राचे मिळून २८८. ज्याच्या पाठीशी यांपैकी निम्म्याहून अधिक, म्हणजे निदान १४५ आमदार उभे राहतील, त्याला राज्यपाल मुख्यमंत्री नेमतात. मुख्यमंत्री आपले सहकारी निवडतो. २००३ च्या घटनादुरुस्तीमुळे मंत्रिमंडळ सभागृहाच्या शेकडा १५ हून मोठे होऊ शकत नाही. महाराष्ट्रात ही मर्यादा ४३ ची. स्वतः राज्यपालांना मात्र राष्ट्रपती नेमतात.

आता अमेरिकेतील टेक्सास राज्याकडे पाहू. तोही कापसाचा, गुराढोरांचा मुलूख. तेथे गव्हर्नर हाच राज्यकारभाराचा प्रमुख असतो आणि त्याला लोक चार वर्षांसाठी थेट निवडून देतात. एवढेच नव्हे, तर राज्याचा मुख्य कायदेअधिकारी आणि शेतीखात्याचा आयुक्तसुद्धा मतपेटीतूनच येतो! आपल्याकडे महाधिवक्ता राज्यपाल नेमतात, आणि कृषी आयुक्त हा पुण्यात बसणारा सरकारी अधिकारी असतो.

हे दूरदेशीचे वाटते ना? पण दोन्ही तऱ्हा आपल्या गावातच आहेत. सरपंच थेट लोकांतून निवडावा की सदस्यांतून, यावर आपल्या राज्यात २०१७, २०२० आणि २०२२ असा तीनदा कायदा बदलला. आज सरपंच थेट निवडला जातो, टेक्सासच्या गव्हर्नरासारखा. उपसरपंच मात्र सदस्यांतून होतो, आपल्या मुख्यमंत्र्यासारखा.

दोहोंत फरक कोणता? टेक्सासचा गव्हर्नर विधिमंडळाने नुसता अविश्वास दाखविला म्हणून घरी जात नाही. आपला मुख्यमंत्री सभागृहाचा विश्वास गेला की गेला. म्हणजे त्याला पाच वर्षांनी नव्हे, रोजच परीक्षा द्यावी लागते. पण ती परीक्षा घेणारा कोण? आपला आमदार. पीकविम्याचे पैसे का अडले, शाळेला शिक्षक का नाही, हे भर सभागृहात मंत्र्याला विचारण्याचा अधिकार त्याला आहे. तो गप्प बसला, तर मतदाराच्या हातची दोरीच तुटते.

म्हणून उमेदवार मत मागायला दारी आला की केवळ ‘कोणत्या पक्षाचे?’ एवढ्यावर थांबू नये. मागच्या वेळी निवडून आलेला असेल, तर सभागृहात किती प्रश्न विचारले, हेही पुसावे. गुरुजींनी वर्गात मुलांकडून ही पदांची साखळी फळ्यावर काढून घ्यावी. खालची कडी मतदाराची, हे त्यांना आपोआप उमगेल.

१९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या अमलात होता. १९५२ साली येथल्या प्रत्येक प्रौढ स्त्रीपुरुषाने हैदराबाद राज्याच्या विधानसभेसाठी मत देण्याचा हक्क प्रथम मिळविला. तेव्हा वयाची अट २१ वर्षांची होती, १९८९ पासून ती १८ झाली. हक्क एका मताचा खरा. पण वरची सारी उतरंड त्याच एका मडक्यावर उभी आहे.