आघात, काया आणि सति

पटाचारा थेरीची कथा उपासक-उपासिकांना परिचित आहे. अट्ठकथेनुसार तिचा पती सर्पदंशाने गेला, नवजात बालकास ससाण्याने उचलले, थोरला मुलगा नदीत वाहून गेला आणि सावत्थीत माता-पिता व बंधू घर कोसळून मरण पावले. भान हरपून ती विवस्त्र भटकत राहिली. तथागतांनी तिला प्रथम सति सावरण्यास सांगितले. भान येताच तिला आपल्या देहाची जाणीव झाली आणि कोणी दिलेले वस्त्र तिने पांघरले. धम्मोपदेश त्यानंतरचा आहे. या क्रमाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

भयप्रसंगी शरीर लढण्यास वा पळण्यास सज्ज होते. हृदयाची गती वाढते, श्वास उथळ होतो, स्नायू ताठरतात. दोन्ही अशक्य झाल्यास माणूस थिजतो. प्रसंग सरला तरी काहींच्या शरीराची ही सज्जता सरत नाही. धुळे शहरात ६ जानेवारी २०१३ रोजी झालेल्या दंगलीत सहा जण मृत्युमुखी पडले. अशा प्रसंगातून गेलेला माणूस पुढे कित्येक वर्षे फटाक्याच्या आवाजानेही दचकू शकतो. ‘विसरून जा’ एवढे सांगून त्याचे शरीर निवत नाही. अमेरिकेतील पीटर लेव्हिन यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात देहाधिष्ठित उपचारपद्धती मांडली. घटना पुनःपुन्हा वदवून घेण्याऐवजी देहातील संवेदना थोड्या थोड्या जाणू देणे व मधूनमधून सुरक्षित जाणिवेकडे परतणे, हे तिचे सूत्र होय. तिच्या परिणामांचे पुरावे अद्याप मर्यादित आहेत, हेही नमूद केले पाहिजे.

सतिपट्ठान सुत्तातील कायानुपस्सना व वेदनानुपस्सना यांच्याशी तिचे साम्य उघड आहे. तथापि साधना व उपचार यांत भेद राखणे आवश्यक आहे. खानदेशातून साधक इगतपुरीच्या धम्मगिरीवर दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरास जातात. मौन पाळून दीर्घकाळ बसले असता दडलेले भय उसळू शकते. गंभीर मानसिक विकार असलेल्यांनी शिबिर करू नये, असे तेथील नियमावलीही सुचविते. अशा व्यक्तीने आधी मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. विहारात बसावयाचे झाल्यास डोळे उघडे ठेवून, तळपायांचा भूमिस्पर्श जाणत, थोडाच वेळ बसावे. भय वाढल्यास उठून चालावे. चंक्रमण हीदेखील साधनाच आहे.

आघाताचे कारण अत्याचार असेल, तर केवळ देह शांत करून भागत नाही. माणसाने माणसावर केलेला अन्याय हेही दुःखाचे कारण आहे, हे बाबासाहेबांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात स्पष्ट केले. म्हणून पीडितास उपचार व न्याय दोन्ही मिळाले पाहिजेत. साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहण्यासाठीही पाय स्थिर असावे लागतात.

पटाचारा पुढे पाय धुताना वाहणारे पाणी पाहत एकाग्र झाली व मुक्त झाली. त्यानंतर अपत्यशोकाने व्याकुळ झालेल्या अनेक स्त्रियांना तिने धम्मात आधार दिला. आपल्या विहारांनीही हे कार्य हाती घ्यावे, अशी आमची अपेक्षा आहे.