विद्युत वाहनांचे घरगुती चार्जिंग

विद्युत वाहनांचे घरगुती चार्जिंग म्हणजे विजेवर चालणाऱ्या दुचाकी, तीनचाकी किंवा चारचाकी वाहनाची बॅटरी निवासी वीजजोडणीवरून भारित करणे होय. परिभाषेत या क्रियेस 'प्रभारण' असे म्हणतात. मात्र व्यवहारात 'चार्जिंग' हाच शब्द रूढ आहे. घरासमोर अथवा इमारतीच्या वाहनतळात वाहन रात्रभर उभे असते, त्या वेळात हे काम होत असल्याने खासगी वाहनांसाठी ते सर्वांत सोयीचे व सामान्यतः सर्वांत स्वस्त ठरते. त्याच वेळी घरातील वायरिंग, अर्थिंग, मंजूर भार आणि वीजबिल यांवर त्याचा थेट परिणाम होतो. त्यामुळे घरगुती वीजवापराचा एक नवा व मोठा घटक म्हणून त्याचा विचार केला जातो.

पार्श्वभूमी

विजेवर चालणारी वाहने ही अलीकडची कल्पना नाही. १८५९ साली फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते यांनी पुन्हा भारित करता येणारी शिसे-आम्ल बॅटरी तयार केली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोप व अमेरिकेत विजेच्या मोटारी धावू लागल्या. १८९९ साली बेल्जियमच्या कामिय जेनात्झी यांनी विजेच्या मोटारीतून ताशी १०० किलोमीटरचा वेग प्रथम ओलांडला. स्वस्त खनिज तेल आणि १९१२ नंतर प्रचारात आलेली इंजिन सुरू करण्याची विद्युत यंत्रणा यांमुळे पुढे पेट्रोलच्या मोटारींची सरशी झाली.

मुंबईत विजेची ट्राम ७ मे १९०७ रोजी धावू लागली, तर भारतातील पहिली विद्युत रेल्वे ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर (आताचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) ते कुर्ला या मार्गावर सुरू झाली. ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी बंद झाली. या वाहनांना वीज वरच्या तारेतून अखंड मिळत असे. वाहनाने आपली वीज सोबत वाहून न्यावयाची, तर हलकी व टिकाऊ बॅटरी आवश्यक होती. १९९१ मध्ये लिथियम-आयन बॅटरी व्यापारी स्वरूपात बाजारात आल्यावर ही अडचण बरीचशी दूर झाली. या बॅटरीच्या संशोधनासाठी जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

भारतात बंगळूरू येथे तयार झालेली 'रेवा' ही छोटी विद्युत मोटार २००१ मध्ये विक्रीस आली. केंद्र शासनाची 'फेम' ही प्रोत्साहन योजना २०१५ मध्ये सुरू झाली. १ ऑगस्ट २०१९ पासून विद्युत वाहनांवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्के करण्यात आला. महाराष्ट्र शासनाने २०१८, २०२१ आणि २०२५ या वर्षी विद्युत वाहन धोरणे जाहीर केली. घरातील किंवा कार्यालयातील विद्यमान वीजजोडणीवरून वाहन चार्ज करता येईल, असे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट केले आहे.

मोजमापाची एकके

विजेच्या बिलातील 'युनिट' म्हणजे एक किलोवॅट-तास होय. १,००० वॅटचे उपकरण एक तास चालल्यास एक युनिट वीज खर्च होते. वाहनाच्या बॅटरीची क्षमताही याच एककात सांगितली जाते. तीन किलोवॅट-तासाची बॅटरी म्हणजे तीन युनिट वीज साठवणारी बॅटरी.

किलोवॅट आणि किलोवॅट-तास यांत अनेकदा गल्लत होते. किलोवॅट हे वीज वापरण्याच्या वेगाचे माप आहे, तर किलोवॅट-तास हे वापरलेल्या एकूण विजेचे. पाण्याच्या दृष्टांताने सांगावयाचे तर नळाची धार म्हणजे किलोवॅट आणि भरलेली घागर म्हणजे किलोवॅट-तास. वायरिंगची सुरक्षितता पहिल्यावर, तर बिलाची रक्कम मुख्यतः दुसऱ्यावर अवलंबून असते.

दैनंदिन उपकरणांशी तुलना

एका युनिट विजेत साधारणपणे पुढील कामे होतात :

• ९ वॅटचा एलईडी दिवा : सुमारे १११ तास
• ७५ वॅटचा छताचा पंखा : सुमारे १३ तास
• १,००० वॅटची इस्त्री : अखंड तापत राहिल्यास १ तास
• २,००० वॅटचा गिझर : अर्धा तास
• विद्युत स्कूटर : सुमारे २५ किलोमीटर
• लहान विद्युत मोटार : सुमारे ६ किलोमीटर

वाहनांचे आकडे भिंतीवरील सॉकेटपासून मोजलेले आहेत. चार्जर व बॅटरीत उष्णतेच्या रूपाने साधारण १० ते १५ टक्के वीज वाया जाते. ती त्यांत धरली आहे. चालवण्याचा वेग, चढ, ओझे आणि वातानुकूलन यांनुसार हे आकडे बदलतात.

१५ लिटरची एक बादली पाणी २५ अंश सेल्सिअसने तापवण्यास सुमारे ०.४४ युनिट वीज लागते. तेवढ्याच विजेत स्कूटर जवळपास ११ किलोमीटर जाते. उष्णता निर्माण करणारी उपकरणे वीज जास्त खातात, तर मोटर विजेचा बहुतांश भाग गतीत रूपांतरित करते. विद्युत मोटरची कार्यक्षमता ८५ ते ९० टक्के किंवा त्याहून अधिक असते. पेट्रोल इंजिनात मात्र इंधनातील ऊर्जेचा साधारण पाव हिस्साच चाकांपर्यंत पोहोचतो. उरलेली उष्णता बनून निघून जाते.

चार्जिंगची प्रक्रिया

घरात येणारी वीज २३० व्होल्ट दाबाची प्रत्यावर्ती म्हणजे एसी असते. बॅटरीत मात्र केवळ एकदिश म्हणजे डीसी वीज साठवता येते. हे रूपांतर चार्जर करतो. बहुतेक स्कूटरमध्ये तो वेगळा डबा असतो. मोटारीत तो वाहनाच्या आतच बसवलेला असतो. मोटारीसाठी भिंतीवर लावलेली पेटी ही खरे तर चार्जर नसून वीज नियंत्रितपणे पोहोचवणारे साधन असते. सार्वजनिक जलद केंद्रांत रूपांतर बाहेरच होऊन डीसी वीज थेट बॅटरीला दिली जाते, म्हणून तेथे वेळ कमी लागतो.

घरगुती चार्जिंगचे स्थूलमानाने तीन प्रकार आढळतात. स्कूटरचा चार्जर बहुधा इस्त्रीइतकी किंवा त्याहून कमी वीज ओढतो. मोटारीसोबत मिळणारी केबल १६ अँपिअरच्या सॉकेटवरून सुमारे ३.३ किलोवॅट घेते. ३० युनिट क्षमतेची रिकामी बॅटरी भरण्यास तिला दहा तासांच्या आसपास लागतात. भिंतीवरील ७.२ किलोवॅटच्या साधनाने हेच काम साधारण पाच तासांत होते, परंतु त्यासाठी ३२ अँपिअरची स्वतंत्र वायर लागते.

वायरिंग व मंजूर भार

मिक्सर काही मिनिटे चालतो. इस्त्री ठरावीक तापमानाला पोहोचली की आपोआप बंद-चालू होते. मोटार मात्र १४ ते १५ अँपिअरचा प्रवाह आठ-दहा तास सलग ओढते. तारेतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे प्रवाह दुप्पट झाल्यास उष्णता चौपट होते. त्यामुळे ज्या सॉकेटवर वर्षानुवर्षे गिझर विनातक्रार चालला, तेथेच सैल स्क्रू किंवा गंजलेली पिन वाहनाच्या चार्जिंगमध्ये वितळू शकते.

घरातील लहान सॉकेट ६ अँपिअरचे आणि मोठे १६ अँपिअरचे असते. मोटारीसाठी ६ अँपिअरचे सॉकेट, एक्स्टेन्शन बोर्ड किंवा मल्टिप्लग वापरणे धोक्याचे आहे. मोटारीच्या सॉकेटला मुख्य पेटीपासून पुरेशा जाडीची स्वतंत्र तांब्याची तार, स्वतंत्र एमसीबी आणि ३० मिलिअँपिअर गळतीला वीज तोडणारे आरसीसीबी असणे आवश्यक मानले जाते. अर्थिंग नसल्यास अनेक मोटारी चार्जिंग सुरूच करत नाहीत. ती गाडीतील बिघाडाची खूण नसून घरातील उणीव गाडीने दाखवून दिलेली असते.

प्रत्येक जोडणीला वितरण कंपनीने मंजूर केलेला भार असतो व तो बिलावर छापलेला असतो. दोन किलोवॅट मंजूर भाराच्या घरात मोटारीचे चार्जिंग सुरू करण्यापूर्वी वाढीव भारासाठी अर्ज करावा लागतो.

वीजबिलावरील परिणाम

महाराष्ट्रात घरगुती विजेचे दर टप्प्यांनुसार आकारले जातात : १०० युनिटपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या पुढे. वरच्या टप्प्यात प्रतियुनिट दर वाढत जातो. वाहनाचा खर्च काढताना बिलाची सरासरी धरणे म्हणूनच फसवे ठरते, कारण वाहनासाठी लागणारी वीज ही घरच्या वापरावर चढलेली असते आणि तिला वरच्या टप्प्याचा दर लागतो.

उदाहरणार्थ, महिन्याला ९० युनिट वापरणाऱ्या घरात रोज ३० किलोमीटर याप्रमाणे २६ दिवस, म्हणजे ७८० किलोमीटर स्कूटर चालवल्यास सुमारे ३१ युनिट वाढतात. एकूण वापर १२१ युनिट होऊन त्यांतील २१ युनिट दुसऱ्या टप्प्यात जातात. महिन्याला २०० युनिट वापरणाऱ्या घरात ९०० किलोमीटर मोटार चालवल्यास १५० युनिट वाढतात, आणि ५० युनिट तिसऱ्या टप्प्यात पोहोचतात.

असे असूनही पेट्रोलच्या तुलनेत बचत राहते. वाढीव विजेचा दर सर्व आकार धरून प्रतियुनिट १२ रुपये मानला, तर ३१ युनिटांचा खर्च ३७२ रुपये होतो. एका लिटरमध्ये ४५ किलोमीटर जाणाऱ्या स्कूटरला तेवढ्याच अंतरासाठी सव्वासतरा लिटर पेट्रोल लागेल. प्रतिलिटर १०० रुपये दराने तो खर्च सुमारे १,७३० रुपये होईल. प्रत्यक्ष हिशेब करताना चालू दर घ्यावे लागतात, तसेच वाहनाची जादा किंमत आणि पुढे बॅटरी बदलण्याचा संभाव्य खर्चही विचारात घ्यावा लागतो.

केंद्र शासनाच्या २०२३ च्या सुधारित ग्राहक हक्क नियमांनुसार स्मार्ट मीटर असलेल्या ग्राहकांसाठी वेळेनुसार दर ठरवण्याची तरतूद आहे. दिवसा, सौरऊर्जा मुबलक असताना, दर सर्वसाधारण दरापेक्षा १० ते २० टक्के कमी असावा, असे त्यात अपेक्षित आहे. ज्यांचे वाहन दिवसा घरी असते त्यांना याचा लाभ होऊ शकतो. घराच्या छपरावर सौर पॅनेल असल्यास एक किलोवॅट क्षमतेपासून महाराष्ट्रात दिवसाला सरासरी चार युनिटांच्या आसपास वीज मिळते; वरील उदाहरणातील स्कूटरची महिन्याची गरज पाव किलोवॅट पॅनेल भागवू शकते.

सुरक्षितता

२०२२ मध्ये भारतात विद्युत स्कूटरना आगी लागण्याच्या अनेक घटना घडल्या. त्यांत जीवितहानीही झाली. लिथियम-आयन बॅटरीतील एखादा घट दोषामुळे किंवा अतिउष्णतेमुळे पेटला, तर त्याची उष्णता शेजारच्या घटांना पेटवत जाते. ही साखळी एकदा सुरू झाली की थांबवणे कठीण असते व तीत विषारी वायू बाहेर पडतात. या घटनांनंतर दुचाकी व तीनचाकी वाहनांच्या बॅटरीसाठी असलेले एआयएस-१५६ हे मानक अधिक कडक करण्यात आले आणि १ डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाले.

घरगुती वापरात पुढील दक्षता घेतली जाते :

• काढता येणारी बॅटरी जिन्यात, दाराजवळ किंवा झोपण्याच्या खोलीत चार्ज करू नये. आग लागल्यास बाहेर पडण्याची वाटच बंद होते.
• वाहनासोबत आलेलाच चार्जर वापरावा.
• लांबच्या प्रवासाहून आल्यावर किंवा कडक उन्हात उभ्या असलेल्या वाहनाची बॅटरी थंड होऊ द्यावी, मग चार्जिंग लावावे.
• पुराच्या पाण्यात बुडालेले वाहन तपासणीपूर्वी चार्ज करू नये.
• बॅटरी फुगणे, उग्र वास येणे किंवा प्लग हाताला चटका बसण्याइतका तापणे ही चार्जिंग तत्काळ थांबवण्याची लक्षणे होत.

गृहनिर्माण संस्थांमधील चार्जिंग

शहरांत मीटर तळमजल्यावर व वाहनतळ दूर अशी स्थिती असल्याने चार्जिंगसाठी सामाईक जागेतून वायर न्यावी लागते. त्यासाठी संस्थेच्या परवानगीचा प्रश्न उद्भवतो. सभासदाने आपल्या मीटरवरून स्वखर्चाने वायर घेणे, अथवा संस्थेने स्वतंत्र जोडणी घेऊन सामाईक चार्जिंग उभारणे, असे दोन मार्ग आहेत. पहिला एका सभासदापुरता सोपा असतो. मात्र तारांची गर्दी वाढते आणि इमारतीच्या एकूण भाराचे नियोजन राहत नाही. दुसऱ्यात प्रारंभीचा खर्च अधिक असला तरी भाराची वाटणी करता येते. परवानगी नाकारल्यास रहिवासी खिडकीतून वायर सोडणे किंवा बॅटरी घरात नेणे असे मार्ग पत्करतात, आणि ते सर्वांच्याच सुरक्षिततेला बाधक ठरतात. नव्या इमारतींसाठी केंद्र शासनाने २०१९ मध्ये आदर्श बांधकाम उपविधींत सुधारणा करून वाहनतळाच्या २० टक्के क्षमतेला चार्जिंगची सोय असावी, असे सुचवले.

पर्यावरणीय बाजू

विद्युत वाहन चालताना धूर सोडत नाही. परंतु भारतातील सुमारे तीन-चतुर्थांश वीज कोळशापासून बनते व प्रतियुनिट सरासरी ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड उत्सर्जित होतो. वहनातील गळती धरता विद्युत स्कूटरमागे किलोमीटरला सुमारे ३३ ग्रॅम, तर पेट्रोल स्कूटरमागे सुमारे ५१ ग्रॅम उत्सर्जन येते. लहान मोटारींत हे आकडे अनुक्रमे सुमारे १३७ आणि १५३ ग्रॅम, म्हणजे बरेच जवळचे आहेत. वाहन व बॅटरी बनवताना आणि पेट्रोल शुद्ध करताना होणारे उत्सर्जन या हिशेबात नाही. यावरून दोन गोष्टी दिसतात : लहान वाहनांत लाभ अधिक स्पष्ट आहे, आणि वीज जसजशी सौर व पवनऊर्जेतून येईल तसतसा तो वाढत जाईल. मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवरील धूर कमी होत असताना चंद्रपूर, कोराडी यांसारख्या औष्णिक केंद्रांच्या परिसरातील भार वाढू नये, हा प्रश्नही याच्याशी निगडित आहे.

बॅटरीचे आयुष्य व विल्हेवाट

बॅटरीची साठवण क्षमता वापराने व काळाने हळूहळू घटते. उष्णता, वारंवार पूर्ण रिकामी होणे आणि पूर्ण भरलेल्या स्थितीत दीर्घकाळ पडून राहणे यांमुळे ही घट वेगाने होते. म्हणून अनेक उत्पादक रोजच्या वापरात ८० टक्क्यांपर्यंतच चार्ज करण्याचा सल्ला देतात. लोह-फॉस्फेट प्रकारच्या बॅटरीत मात्र मापन अचूक राहावे म्हणून अधूनमधून ती पूर्ण भरण्यास सांगितले जाते. वाहनासाठी अपुरी ठरलेली बॅटरी सौरऊर्जा साठवण्यासारख्या कामांत वापरता येते. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ अन्वये जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांच्या पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी उत्पादकांवर टाकण्यात आली आहे. त्यामुळे अशी बॅटरी भंगारात न विकता अधिकृत संकलन केंद्राकडे देणे अपेक्षित आहे.

हेही पहा

• किलोवॅट-तास
• लिथियम-आयन बॅटरी
• विद्युत मोटर
• अर्थिंग
• सौरऊर्जा