विश्लेषण : ‘डिसग्रेस’मधली लाज नेमकी कोणाची?

वर्णभेद संपल्यानंतर दक्षिण आफ्रिकेत १९९६ पासून सत्य आणि सलोखा आयोगापुढे अत्याचारांच्या जाहीर कबुल्या सुरू झाल्या. संपूर्ण सत्य सांगणाऱ्याला माफी मिळू शकत होती. पश्चात्तापाची अट नव्हती. जे. एम. कुट्सी यांच्या १९९९ च्या बुकरविजेत्या ‘डिसग्रेस’मध्ये विद्यार्थिनीचे शोषण करणाऱ्या गोऱ्या प्राध्यापकाकडून चौकशी समितीला पश्चात्तापच हवा असतो. तो गुन्हा मान्य करतो, पण पश्चात्ताप दाखवत नाही. पुढे त्याच्या मुलीवर तिच्या शेतावर कृष्णवर्णीय हल्लेखोर बलात्कार करतात. ती पोलिसांना चोरीचे सांगते, बलात्काराचे नाही. इथे राहण्याची ही किंमत असावी, असे तिला वाटते. बापाची लाज स्वतःच्या कृत्याची. मुलगी मात्र अख्ख्या गोऱ्या समाजाचे देणे एकटी फेडू पाहते. गुन्ह्यांना माफीची तरतूद आयोगाकडे होती. या लाजेसाठी कुठेच नव्हती.