प्रकल्प मुलाचा की अम्मीचा?

"अम्मी, उद्या प्रकल्प द्यायचाय." महिन्यातून एकदा तरी रात्री जेवताना हे वाक्य घरात पडते आणि धांदल उडते. अब्बू स्टेशनरीच्या दुकानात, ताई मोबाइलवरून चित्रांच्या प्रिंट काढायला, अम्मी फेव्हिकॉल घेऊन जमिनीवर. ज्याचा प्रकल्प आहे तो चौथीतला पठ्ठ्या तोवर झोपून गेलेला असतो. वर शंभर-दीडशे रुपये जातात. रोजंदारीवर चालणाऱ्या घराला ते जड पडतात.

सगळा दोष पालकांचा असे आम्ही म्हणणार नाही. चकचकीत तक्त्याला जास्त गुण आम्ही शिक्षकांनीच दिले. खरे तर राज्यात २०१० पासून जे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले, त्यात प्रकल्प हे आकारिक मूल्यमापनाचे फक्त एक साधन आहे. तोंडी काम, प्रात्यक्षिक, स्वाध्याय अशी इतरही आहेत. मूल कसे शोधते, कसे नोंदते हे त्यातून पाहायचे. कागद किती रंगीत, हे नाही.

ही कल्पना काही परदेशातून कालपरवा आलेली नाही. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेनंतर नई तालीमचा आराखडा तयार करणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते डॉ. झाकीर हुसेन. आपली परभणी ज्या हैदराबाद संस्थानात होती, तिथेच त्यांचा जन्म झाला. हाताने काम करत शिकावे, हाच त्या आराखड्याचा गाभा.

मागे चौथीच्या वर्गाला आम्ही विषय दिला, 'आपल्या घरातले पाणी'. एका मुलीची आई दुसऱ्याच दिवशी शाळेत आली. "सर, हमना मराठी लिखने नै आता. बच्ची को कैसा मदद करू?" आम्ही म्हणालो, आपा, लिहायचे तिने आहे. तुम्ही फक्त विचारायचे आणि ती मोजेल तेव्हा जवळ बसायचे.

आठवड्याने ती पोरगी वही घेऊन आली. तक्ता नव्हता. नळाला पाणी कोणत्या दिवशी आले, किती घागरी भरल्या, कपड्यांना किती गेले, सगळे पेन्सिलने, खाडाखोड करून. शेवटी एक वेगळीच नोंद. तिने नळाखाली टब ठेवून भावाला वुजू करायला लावले. साडेचार लिटर भरले. मग लोट्याने, एका लिटरमध्ये झाले. घरात पाच माणसे, पाच वेळा. रोजचा फरक तिने काढला साडेसत्त्याऐंशी लिटर, म्हणजे पंधरा लिटरच्या जवळपास सहा बादल्या. दशांश अपूर्णांकाचा गुणाकार तिला वर्गात अजून शिकवलेला नव्हता. तो तिने मामूकडून शिकून घेतला होता. प्रेषित (स.) एक मुद्द, म्हणजे लिटरभरही नाही एवढ्या पाण्यात वुजू करत, ही हदीस तिच्या आईने सांगितली. मराठी न येणाऱ्या आईने!

उर्दू जाणणाऱ्या घरांसाठी आणखी एक सोपा प्रकल्प आहे. दुकान, बाजार, किंमत, खर्च, अर्ज, तारीख, वकील हे शब्द मराठीत आणि उर्दूतही आहेत. घरात बोलताना असे शब्द कानावर आले की मुलाने ते दोन्ही लिपींत वहीत उतरवावे. पन्नास शब्द जमले की मराठी परकी वाटायची थांबते, हा आमचा अनुभव. नानांना त्यांच्या धंद्यातली हत्यारे विचारणे, आठवडी बाजारात कांदा-टोमॅटोचा भाव चार आठवडे लिहिणे, हेही तसेच. पैसा लागत नाही. गंगाखेडच्या मुलांना गोदावरी जवळ, जिंतूरकडच्यांना येलदरी धरण. मोठ्यांबरोबर जाऊन पाहावे, पाण्याजवळ एकटे सोडू नये.

मदत कुठे थांबवायची, असे पालक विचारतात. कात्री चालवणे, वजन उचलणे, शेजारच्या काकांकडे सोबत जाणे एवढे तुम्ही करा. उत्तर मात्र सांगू नका. मूल "का?" म्हणाले तर "तुला काय वाटतं?" असे विचारा आणि जरा गप्प बसा. हे गप्प बसणे सगळ्यात अवघड, आम्हालाही जमत नाही. अक्षर वेडेवाकडे आले तरी पुसून स्वतः लिहू नका. आणि नेट कॅफेतला तयार प्रकल्प तर नकोच. एकाच प्रिंटच्या सहा प्रती आमच्या टेबलावर येतात तेव्हा मुले एकमेकांकडे बघून हसतात.

शाळेने महागडे साहित्य मागितले तर वर्गशिक्षकांशी सरळ बोला, "आमच्या घरी जे आहे त्यातून केलं तर चालेल का?" बहुतेक जण हो म्हणतील. विषय कळताच त्याच दिवशी विचारा, आदल्या रात्री नको.