स्पर्श नेमका कुठे होतो?

‘संघर्ष’ हा शब्द आपण वर्तमानपत्रांत रोज वाचतो. पण फोडून पाहिला तर मुळात तो दोन वस्तूंचे एकमेकींवर घासणेच आहे. मी मराठीचा अध्यापक. गणिताशी माझे सख्य बेताचेच. तरीही या शब्दाचा माग काढताना एका गणिती कोड्याशी गाठ पडली, आणि ते वाचकांपुढे ठेवल्यावाचून राहवेना.

फळीवर वीट आडवी ठेवून ओढा. मग तीच कडेवर उभी करून ओढा. टेकलेली जागा कमी झाली, तरी जोर जवळजवळ तेवढाच लागतो! घर्षण जागेवर नव्हे, भारावर अवलंबून असते, हा नियम फ्रान्सच्या आमोंतोंने १६९९ मध्ये मांडला. त्याच्याही आधी लिओनार्दो दा विंचीने तो आपल्या वह्यांत टिपून ठेवला होता.

असे का व्हावे? विसाव्या शतकात बॉडन आणि टेबर या शास्त्रज्ञांनी याचा उलगडा केला. गुळगुळीत दिसणारा पृष्ठभागही सूक्ष्मदर्शकाखाली डोंगराळ असतो. दोन वस्तू एकमेकींना भिडतात त्या फक्त शिखरांवर. भार वाढला की शिखरे चेपतात आणि खरा स्पर्श वाढतो. डोळ्यांना दिसणारा स्पर्श हा बव्हंशी भासच म्हणायचा!

गणित्याची खरी पंचाईत होते ती इथेच. रबरी चेंडू फरशीवर दाबला की तो तळाशी चपटा होतो. पण किती? चेंडूचा आकार कळला तर दाब काढता येईल, आणि दाब कळला तर आकार, दोन्ही अज्ञात! गोलाकार वस्तूंपुरते याचे उत्तर जर्मनीच्या हर्ट्झने १८८२ मध्ये दिले. पण वस्तू कशीही वेडीवाकडी असेल तर?

हा प्रश्न इटलीच्या आंतोनियो सिन्योरिनी यांनी १९५९ मध्ये नेटकेपणाने मांडला. त्यांची अट एखाद्या म्हणीसारखी आहे : तळाच्या प्रत्येक बिंदूपाशी फट असेल तर दाब नाही, आणि दाब असेल तर फट नाही. फरशी वस्तूला वर रेटू शकते, खाली ओढू शकत नाही. कुठे फट आणि कुठे दाब, हे मात्र आधी कोणीच सांगत नाही. समीकरणाच्या जागी इथे असमता येते, आणि जुनी साधने लुळी पडतात.

सिन्योरिनी वृद्ध झाले होते, प्रकृती ढासळत होती. गुरूंच्या हयातीत उत्तर सापडावे, ही तळमळ त्यांचे शिष्य गाएतानो फिकेरा यांना लागली. १९६३ च्या आरंभी ते सापडले. उत्तर असते, याची सिद्धता गुरूंच्या कानी गेली. शिष्याने आपल्याला मोठे समाधान दिले, असे त्यांनी अंथरुणावरून डॉक्टरांना सांगितले. त्याच फेब्रुवारीत ते वारले. फिकेरांनी त्या कोड्याला गुरूंचेच नाव दिले.

या हिशेबात सिन्योरिनींनी घर्षण धरलेच नव्हते. ते धरले की काम फारच बिकट होते. घर्षण अल्प असेल तर उत्तर असते, एवढे चेक गणितज्ञांनी १९८० मध्ये सिद्ध केले. आज मोटारीचे टायर, ब्रेक, कृत्रिम सांधे यांची आखणी करताना संगणक ‘फट की दाब’ हाच प्रश्न बिंदूबिंदूला विचारीत असतो.

माणसामाणसांतल्या संघर्षाचे सूत्र अजून कोणी मांडलेले नाही. पण दोघे नेमके कुठे भिडले आहेत ते आधी शोधावे, एवढा धडा या गणितातून घ्यायला काय हरकत आहे?